काटा शून्यावर आला, पुढे काय? वॉल्टर मॅक्सवेल यांच्या ‘रिफ्लेक्शन्स’चं फेरवाचन

मागच्या वेळी आपण स्मिथ चार्ट हातात घेतला होता, आणि व्याख्यान संपल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: हे सगळं एका जागी वाचायचं असेल तर कुठलं पुस्तक घ्यावं? तेव्हा आम्ही घाईघाईत वॉल्टर मॅक्सवेल यांच्या ‘रिफ्लेक्शन्स’चं नाव सांगून मोकळे झालो. घरी गेल्यावर वाटलं की हे पुस्तक असं नुसतं नाव सांगून सोडून देण्यासारखं नाही. ते चांगलं आहेच. पण ते अर्धवट वाचलं तर माणसाचं नुकसान होतं, आणि ते नुकसान आम्ही स्वतः करून घेतलेलं आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्या पुस्तकावर. शिफारस म्हणून नव्हे, परीक्षण म्हणून.

ज्यांनी मागचं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत उजळणी. हौशी रेडिओत, म्हणजे हॅम रेडिओत, आपला सेट ५० ओहमांसाठी बनवलेला असतो, केबलही ५० ओहमांची असते. अँटेनाचा इम्पीडन्स मात्र फ्रिक्वेन्सीप्रमाणे, उंचीप्रमाणे, लांबीप्रमाणे काहीही असू शकतो. तो ५० नसला की केबलमधून गेलेल्या लहरीचा काही भाग अँटेनापाशी परावर्तित होऊन मागे येतो. जाणारी आणि येणारी लहर मिळून केबलवर जो चढउतार तयार होतो, त्याचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. उत्तम जुळणी म्हणजे १. आणि सेट व केबल यांच्यामध्ये कॉइल-कॅपॅसिटरची जी पेटी ठेवून आपण सेटला ५० ओहम ‘दाखवतो’, ती म्हणजे अँटेना ट्यूनर. एवढं पुरे.

पुस्तक आणि त्याचा काळ

मॅक्सवेल हे पेशाने अँटेना इंजिनिअर. आरसीए कंपनीत त्यांनी टायरॉस या हवामान-उपग्रहांच्या अँटेनांवर काम केलं. हॅम म्हणून त्यांचा कॉलसाइन डब्ल्यू२डीयू. केबलवर फेराइटचे मणी ओवून केलेला बलून आजही याच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या ‘क्यूएसटी’ मासिकात १९७३ पासून त्यांनी परावर्तनांवर एक लेखमाला लिहिली, आणि तिचंच पुढे १९९० मध्ये पुस्तक झालं. नंतर दोन वाढीव आवृत्त्या निघाल्या.

लेखमालेच्या पहिल्याच भागाचं शीर्षक असं होतं की एसडब्ल्यूआर फार कमी असला तर तो तुमचा जीव घेऊ शकतो. विनोद वाटतो, पण त्यामागे राग आहे. तो राग समजून घ्यायचा तर काळ लक्षात घ्यावा लागतो.

१९५६ मध्ये ‘क्यूएसटी’तच लू मकॉय यांनी ‘मोनिमॅच’ नावाचं घरी बनवण्याजोगं एसडब्ल्यूआर मीटर छापलं. १९५९ मध्ये कॉलिन्स कंपनीचे इंजिनिअर वॉरन ब्रूनी यांनी दिशा ओळखणाऱ्या वॅटमीटरचं सर्किट समजावून सांगितलं; आज आपल्या टेबलावरच्या बहुतेक एचएफ मीटरांत तेच सर्किट या ना त्या रूपात असतं. म्हणजे दहा-पंधरा वर्षांत असं झालं की प्रत्येक हॅमच्या टेबलावर एक काटा आला. आणि काटा आला की त्याची पूजा सुरू होते. एसडब्ल्यूआर १.७ आहे? चढा गच्चीवर, तार कापा. १.४ आला? अजून कापा. मनोऱ्यावर, छपरावर चढून लोक इंचाइंचाने तारा कापत बसले, का, तर मागे आलेली पॉवर ‘वाया जाते’, सेटमध्ये घुसून तो जाळते, अशी समजूत. मॅक्सवेल यांना चीड होती ती या समजुतीची.

पुस्तकाचं म्हणणं, आणि ते का बरोबर आहे

पुस्तकाचा गाभा आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. मागे आलेली पॉवर हरवत नाही. ट्यूनर नीट लावला असेल तर ती तिथून पुन्हा अँटेनाकडे पाठवली जाते. हरवते ती फक्त केबलच्या तांब्यात आणि इन्सुलेशनमध्ये जेवढी उष्णता होते तेवढीच.

याचा जमाखर्च मांडून पाहू. केबलमध्ये अजिबात क्षय नाही असं धरा. अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३. म्हणजे तिथे पोहोचलेल्या पॉवरपैकी २५ टक्के मागे फिरते. सेट १०० वॅटचा, ट्यूनर जुळवलेला. आता ट्यूनरच्या पुढे, केबलवर, वॅटमीटर लावा. तो पुढे जाणारी पॉवर १३३ वॅट दाखवेल आणि मागे येणारी ३३. नवशिका घाबरतो: सेट १०० चा, मग हे १३३ आले कुठून? आणि ३३ वॅट मागे येतायत म्हणजे तेवढे गेले! पण वहीत वजाबाकी करा. १३३ वजा ३३, बरोबर १००. अँटेनाने सगळेच्या सगळे १०० घेतले. ते ३३ वॅट केबलमध्ये ये-जा करत राहतात, आणि दर फेरीला अँटेना आपला वाटा उचलते.

आता खऱ्या केबलकडे येऊ, कारण क्षय नसलेली केबल कुणाच्याच घरी नसते. केबलचा जुळलेल्या अवस्थेतला क्षय ०.६ डेसिबल धरा. चांगल्या जाड केबलची ३० मीटर लांबी खालच्या एचएफ बँडांवर साधारण एवढं खाते. अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १ असेल तर १०० पैकी ८७ वॅट वर पोहोचतात. एसडब्ल्यूआर ३ असेल तर ८१ च्या आसपास. फरक एक तृतीयांश डेसिबलचा. समोरच्या रिसीव्हरच्या मीटरवर एक एस-युनिट म्हणजे सहा डेसिबल; हा फरक त्याच्या कानाला कळणं शक्यच नाही. एवढ्यासाठी पावसाळ्यात ओल्या गच्चीवर चढायचं का? मॅक्सवेल म्हणतात, नाही. आम्हीही म्हणतो, नाही.

पुस्तकाचा दुसरा मुद्दाही तितकाच मोलाचा: कमी एसडब्ल्यूआर हे चांगल्या अँटेनाचं प्रमाणपत्र नव्हे. तुमच्याकडचा ५० ओहमांचा डमी लोड घ्या. सगळ्या बँडांवर एसडब्ल्यूआर १, आणि प्रक्षेपण शून्य. जमिनीतल्या तारा कमी घातलेली उभी अँटेना पुष्कळदा सुरेख एसडब्ल्यूआर दाखवते, कारण जमिनीतला तोटा तिच्या मूळच्या कमी रोधात मिळवला की बेरीज नेमकी ५० च्या जवळ येते. तारा वाढवल्या की अँटेना सुधारते आणि एसडब्ल्यूआर बिघडतो! काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस इथे तारा परत काढून टाकेल.

तिसरा मुद्दा: तार नेमक्या अर्ध्या तरंगलांबीची असलीच पाहिजे असं काही नाही. थोडी आखूड, थोडी लांब तारही तिला मिळालेली पॉवर जवळजवळ सगळी बाहेर टाकते. प्रश्न तिच्यापर्यंत पॉवर पोहोचवण्याचा आहे.

हे तिन्ही मुद्दे पन्नास वर्षांनंतरही जसेच्या तसे उभे आहेत. शिवाय सांगण्याची पद्धत. मॅक्सवेल सूत्र फेकून पुढे जात नाहीत. लहर कुठे गेली, कुठे वळली, वळताना तिची कला किती बदलली, हे बोट धरून दाखवतात. हौशी माणसाला इंजिनिअरच्या बरोबरीने वागवणारी अशी पुस्तकं फार नसतात.

आमची गोष्ट

आता नुकसानीकडे येतो. पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल होता. वीस मीटर तार, मध्यावर केबल जोडलेली. सेट खालच्या मजल्यावर, त्यामुळे केबल सुमारे ३० मीटर, आणि तीही बारीक, आरजी-५८, कारण तेव्हा खिशाला तीच परवडत होती. ७ मेगाहर्ट्झवर सगळं छान चालायचं.

पुस्तक वाचून आम्ही धीट झालो. एसडब्ल्यूआरला घाबरायचं कारण नाही, ट्यूनर आहे, मागे आलेली पॉवर परत जाते. मग हीच अँटेना १४ मेगाहर्ट्झवर का वापरू नये? ट्यूनर फिरवला. काटा सरळ शून्यावर. इतका सहज जुळला की आम्हाला स्वतःचं कौतुक वाटलं. दोन संध्याकाळी हाका मारल्या. बँड उघडा होता, बाहेरची स्टेशनं ऐकू येत होती, पण आमचं कुणी ऐकलं नाही. गावातल्याच एका ज्येष्ठ मित्राला फोन केला. ते म्हणाले, “अहो, तुम्ही पाच वॅटवर आहात का?” सेट शंभर वॅटवर होता.

त्यांचा अंदाज किती अचूक होता ते पुढे हिशेब केल्यावर कळलं. ७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी असलेली तार १४ ला पूर्ण तरंगलांबीची होते, आणि तिच्या मध्यावर इम्पीडन्स हजारो ओहमांवर जातो. हिशेबासाठी ३००० धरा. ५० ओहमांच्या केबलवर एसडब्ल्यूआर झाला ६०. केबलचा जुळलेला क्षय १.७ डेसिबल धरा. दर फेरीला केबल आपला वाटा खाते, आणि एसडब्ल्यूआर ६० म्हणजे फेऱ्या पुष्कळ. सगळं मांडलं की एकूण क्षय ११ डेसिबलच्या वर जातो. १०० वॅटमधले जेमतेम ८ वॅट वर पोहोचतात. बाकीचे ९२ वॅट आम्ही जिन्यातल्या केबलला ऊब द्यायला वापरले.

आणि खरी मेख पुढे आहे. खाली, सेटच्या टोकाला, एसडब्ल्यूआर किती दिसतो? ६० नाही. मागे येणारी लहर येताना स्वतःच झिजलेली असते, म्हणून खाली दिसतो ५ पेक्षाही थोडा कमी. म्हणजे ट्यूनरला काम सोपं वाटलं ते केबलने आजार लपवला म्हणून. ट्यूनर सहज जुळला याचा आम्ही आनंद मानला. खरं तर तोच धोक्याचा इशारा होता.

आता तीच तार, तोच ट्यूनर घ्या, फक्त केबलच्या जागी ४५० ओहमांची लॅडर लाइन लावा. दोन समांतर तारा, मध्ये ठरावीक अंतरावर पट्ट्या. तिचा जुळलेला क्षय तेवढ्याच लांबीला ०.१ डेसिबल धरला तर एसडब्ल्यूआर ७ च्या आत, आणि एकूण क्षय एक तृतीयांश डेसिबल. ट्यूनर आणि बलूनमधला तोटा बाजूला ठेवला तर वर ९२-९३ वॅट. एकीकडे ८, दुसरीकडे ९३. आणि दोन्हीकडे सेटवरचा काटा अगदी सारखाच, शून्यावर! आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

दोष पुस्तकाचा की वाचकाचा?

तुम्ही म्हणाल, चूक तुमची, पुस्तकाची नव्हे. काही अंशी खरं. मॅक्सवेल केबलचा क्षय विसरलेले नाहीत. एसडब्ल्यूआरमुळे वाढणाऱ्या क्षयाची चर्चा त्यांच्याकडे आहे, आणि लॅडर लाइनचे तर ते पुरस्कर्तेच. मग आमची तक्रार काय?

तक्रार भर कुठे दिला याबद्दल आहे. पुस्तकातल्या एका प्रकरणाचं शीर्षकच असं ठासून सांगतं की ट्यूनर खरोखर अँटेना ट्यून करतो. लोक म्हणायचे की ट्यूनर हे नाव खोटं आहे, तो फक्त सेटची फसवणूक करतो, अँटेना होती तशीच राहते. त्याला हे उत्तर. क्षय नसलेल्या लाइनवर मॅक्सवेल यांचं उत्तर बिनतोड आहे: अशा लाइनवर एका ठिकाणी जुळणी झाली की ती प्रत्येक ठिकाणी होते, अगदी अँटेनाच्या टोकांपाशीही. पण लाइनमध्ये क्षय आला की हा नियम ढिला पडतो. आमच्या ११ डेसिबलच्या केबलवर ट्यूनरने काय ट्यून केलं? केबलचं तोंड. अँटेनाला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणजे विधान खरं आहे, पण अटीवर. आणि अट शीर्षकात मावत नाही. वाचकाच्या डोक्यात शीर्षक राहतं. मॅक्सवेल एका अंधश्रद्धेशी भांडत होते, म्हणून त्यांनी आवाज चढवला. ती अंधश्रद्धा मोडली, पण त्या चढलेल्या आवाजातून दुसरी जन्माला आली: एसडब्ल्यूआर बिलकुल महत्त्वाचा नाही, ट्यूनर सगळं सांभाळतो. आमच्या मते आज नवशिक्याला पहिलीपेक्षा ही दुसरी जास्त महाग पडते. पहिलीत माणूस उगाच मेहनत करतो, पण त्याचं स्टेशन चालतं. दुसरीत तो काहीच करत नाही, काटा बघून निश्चिंत होतो, आणि महिनाभर कुणी उत्तर दिलं नाही की “आमच्या भागातून जमतच नाही” म्हणून सेट विकून टाकतो. अशी माणसं आम्ही पाहिली आहेत.

एक वाद, जो टाळता आला असता

दुसरा आक्षेप जरा तांत्रिक आहे, पण थोडक्यात सांगतो. मॅक्सवेल यांनी आपल्या मांडणीला ‘कॉन्जुगेट मॅच’ या कल्पनेचा पाया दिला. त्यांचं म्हणणं, सेटचा अँप्लिफायर नीट ट्यून केला की त्याचा आतला रोध लोडशी जुळलेला असतो. मात्र हा रोध उष्णता निर्माण करणारा नव्हे. नाहीतर पाठ्यपुस्तकाप्रमाणे अर्धी पॉवर आतच गेली असती, आणि क्लास सी अँप्लिफायर तर ५० टक्क्यांपेक्षा जास्त कार्यक्षमता सहज देतो.

१९९१ मध्ये वॉरन ब्रूनी यांनी ‘क्यूएसटी’त याला आव्हान दिलं. हो, तेच ब्रूनी, ज्यांचं सर्किट आपल्या मीटरमध्ये आहे. त्यांचं म्हणणं, अँप्लिफायर ज्या लोडवर उत्तम चालतो तो लोड आणि अँप्लिफायरचा स्वतःचा आतला रोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या सारख्या असायचं कारण नाही. दोन्ही बाजूंनी मोजमापं पुढे आली, पद्धती वेगळ्या, उत्तरं वेगळी. वाद वर्षानुवर्षं चालला, आणि पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांतही त्याला बरीच जागा मिळाली.

कोण बरोबर याचा निकाल आम्ही इथे लावत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे: पुस्तकाच्या मुख्य सिद्धान्ताला या वादाची गरजच नव्हती. लाइनवरचा एसडब्ल्यूआर ठरतो तो अँटेना आणि लाइन यांच्यावरून. सेटच्या आत काय आहे यावरून तो ठरत नाही. आणि ट्यूनर जुळलेला असेल तर ट्यूनर व सेट यांच्यामधल्या छोट्या केबलवर मागे येणारी लहरच उरत नाही. मग सेटचा आतला रोध काहीही असो, तिथे त्याला भेटायला येणार कोण? १३३ वजा ३३ बरोबर १०० हा हिशेब दोन्ही पक्षांना मान्य आहे. भिंत पक्की होती. तिला नको असलेला टेकू दिला, आणि पुढे सगळं भांडण त्या टेकूवरच झालं. त्यामुळे काही वाचकांना वाटलं की टेकू डळमळला म्हणजे भिंतही पडली. तसं नाही.

सेट बदलले

तिसरा मुद्दा आक्षेप नाही, काळाचा फरक आहे. लेखमाला लिहिली गेली तेव्हा बहुतेक सेट व्हॉल्व्हचे होते. त्यांच्या शेवटच्या टप्प्यात पाय-नेटवर्क असायचं, त्याच्या दोन मुठी फिरवून तुम्ही बराच वेगवेगळा लोड घेऊ शकत होता. म्हणजे लहानसा ट्यूनर सेटच्या पोटातच होता. अशा सेटवाल्याला “एसडब्ल्यूआर २ असला तर काय झालं” असं सांगणं अगदी योग्य.

आजचा ट्रान्झिस्टरचा सेट तसा नाही. त्याला ५० ओहमच हवेत. एसडब्ल्यूआर २ च्या आसपास गेला की तो स्वतःला वाचवायला पॉवर उतरवायला लागतो. सेटमध्ये बसवलेला ऑटो ट्यूनरही साधारण ३ पर्यंतच सांभाळतो. तेव्हा आज एसडब्ल्यूआर कमी हवा हे खरंच आहे, पण कारण वेगळं: लाइनवर पॉवर हरवते म्हणून नव्हे, सेट हट्टी आहे म्हणून. हे कारण नीट कळलं तर ट्यूनरची जागा आपोआप कळते. मूळ पुस्तक वाचताना हा फरक वाचकाने स्वतः भरून घ्यावा लागतो.

ट्यूनरबद्दलही एक गोष्ट जोडायला हवी. बाजारातले बरेच हाताने फिरवायचे ट्यूनर टी-नेटवर्कचे असतात: दोन कॅपॅसिटर ओळीत, मधून एक कॉइल जमिनीला. याची गंमत अशी की एकाच लोडला ते अनेक ठिकाणी जुळतं. काटा प्रत्येक ठिकाणी शून्यावर, पण काही ठिकाणी कॉइलमध्ये भरमसाट करंट फिरतो आणि पॉवर तिथेच तापते. नियम सोपा आहे: कॅपॅसिटर जितके जास्त आणि कॉइल जितकी कमी ठेवून जुळेल तितकं बरं. म्हणजे इथेही तेच. शून्य काटा पुरेसा पुरावा नाही.

मग वाचायचं कसं?

आमचा निष्कर्ष असा. ‘रिफ्लेक्शन्स’ अवश्य वाचावं, पण शेजारी कागद-पेन्सिल ठेवून. प्रत्येक विधानापुढे स्वतःला विचारावं: हे क्षय नसलेल्या लाइनबद्दल आहे की माझ्या केबलबद्दल? कॉन्जुगेट मॅचची प्रकरणं पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील. आणि २०१९च्या सुमारास स्वस्त झालेले नॅनो-व्हीएनएसारखे अॅनलायझर आता बऱ्याच जणांकडे आहेत. शक्य असेल तर तो घेऊन एकदा गच्चीवर जा, केबल काढून अँटेनाच्याच टोकाला मोजा. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांतला फरक म्हणजे या पुस्तकाचा सगळ्यात चांगला धडा आहे, आणि तो पुस्तकात वाचून कळत नाही.

मॅक्सवेल यांनी आपल्याला काट्याच्या धाकातून सोडवलं. त्यांनी शिकवलेली शंका आपण ट्यूनरवरही घ्यायला हवी, एवढीच त्यात आमची भर.

आता प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : आमच्या इमारतीत लॅडर लाइन नेणं अशक्य आहे. लिफ्टचा लोखंडी सांगाडा, ग्रिल, सगळं आडवं येतं. मग काय करावं?*

बरोबर आहे, समांतर तारांजवळ लोखंड आलं की त्यांचा तोल बिघडतो. अशा वेळी दोन मार्ग. पहिला, प्रत्येक बँडला वेगळी तार, पण एकाच केबलवर, पंख्यासारखा डायपोल. मग केबलवर एसडब्ल्यूआर वाढतच नाही. दुसरा, ट्यूनर वर नेऊन अँटेनापाशीच बसवायचा, पाण्यापासून जपून. त्यामुळे खालची सगळी केबल जुळलेल्या अवस्थेत राहते. खर्च येतो, पण पॉवर जिन्यात हरवत नाही. आणि यातलं काहीच शक्य नसेल तर निदान केबल जाड घ्या आणि लांबी कमी करा. महाग ट्यूनरआधी चांगली केबल.

*प्रश्न : मी केबलला तीन मीटरचा तुकडा जोडला तर एसडब्ल्यूआर २.५ वरून १.४ झाला. म्हणजे अँटेना सुधारली ना?*

नाही हो. लांबी वाढली की क्षयामुळे एसडब्ल्यूआर किंचित उतरतो, पण तीन मीटरने एवढा उतरत नाही. तो असा उडी मारतो तेव्हा बहुधा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहत असतो, म्हणजे केबल स्वतःच अँटेनाचा भाग झालेली असते. अँटेनाच्या मध्यावर फेराइटचे मणी ओवलेला बलून लावा आणि पुन्हा मोजा. आकडा कदाचित परत २.५ होईल. वाईट वाटून घेऊ नका. तोच खरा आकडा, आणि पुढचं काम तिथून सुरू करायचं.

*प्रश्न : तुमचा तो डायपोल अजून आहे का?*

तार तीच आहे. खाली उतरते ती मात्र आता लॅडर लाइन. पट्ट्या आम्ही घरीच प्लॅस्टिकच्या तुकड्यांच्या कापून बसवल्या. ज्येष्ठ मित्रांना पहिल्या संध्याकाळी १४ मेगाहर्ट्झवर हाक मारली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “आता शंभर वॅट वाटताय.”